जित्या माणसाचा फोटो

मी मुंबईला निघालो तेव्हा आसनगाव स्टेशनापर्यंत बा बैलगाडी घेऊन आला होता, पण आये सापगावच्या नदीपाशीच थांबली. भातसेला पाणी बेताचं होतं, गाडीत बसून तीही सहज पार झाली असती. तिलाच पुढे यायचं नव्हतं. माझ्या गाठोड्यात तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधली होती. "पोटाला मिळंल तिथं ऱ्हा," ती म्हणाली, "पन मदनंमदनं तोंड दाखवत जा रे." गाडी पलीकडच्या चढाला लागली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. ती पाण्यात उतरून घागर विसळत होती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तुम्ही जे गावी राहिलात त्यांना वाटतं, मुंबईला गेलेला गडी मजेत असतो. आणि माझ्यासारखे जे निघून आले, ते गावी गेले की मजेतच असल्याचं सांगतात. दोघांनाही ते सोयीचं पडतं.

फोर्टात एका पारशी बावाजीच्या फोटो स्टुडिओत मला काम लागलं. काम म्हणजे दिवसभर डार्करूममध्ये लाल दिव्याखाली उभं राहून लोकांची तोंडं पाण्यातून वर येताना बघायची. नवरानवरीची, बारशातल्या पोरांची, साहेब-मडमांची. त्यात ओळखीचं एकही नाही. रानात गुरांमागे मी दिवस दिवस एकटा फिरलो होतो, पण एकटेपण म्हणजे काय ते त्या खोलीत कळलं.

एका हिवाळ्यात बावाजीचं सामान उचलून एका मोठ्या हॉटेलात गेलो. अमेरिकेहून काळ्या वादकांचा बँड आला होता. नाचाची गाणी संपली, साहेबलोक जेवायला बसले आणि पियानोवरचा जाडजूड माणूस एकटाच गाऊ लागला. एक ओळ म्हटली, तीच पुन्हा म्हटली, मग तिसरी हळूच सोडून दिली. मला शब्द एक कळेल तर शपथ. पण आमच्याकडे लग्नात बायका धवळे गातात, त्यांत आये पुढे असायची. तीही अशीच एक ओळ दोनदा घोळवायची, आणि नवरी सासरी निघताना तिचा आवाज असाच खाली उतरायचा. बावाजीने मागितलेली फोटोची काच मी हातातच धरून ऐकत राहिलो.

"याला ब्लूज म्हणते, डिकरा," बावाजी म्हणाला. "दुःखाचा गाना."

तेव्हापासून मला खूळ लागलं ते लागलंच. चोरबाजारातून एक जुना डबा कॅमेरा घेतला. हॉटेलच्या दिवाणखान्यात मला कोण उभं करणार? म्हणून दुपारी मागच्या अंगाला, भटारखान्याच्या दाराशी जायचो. बँडवाले तिथे सिगारेट ओढायला यायचे, आणि ऊनही तिथे चांगलं मिळायचं. मला माणूस गाताना हवा असायचा. ते हसायचे आणि माझ्यासाठी गायचे. बावाजी माझे फोटो उजेडात धरून मान हलवायचा. "गान्याचा फोटो येते नाय. तोंड उघडा ठेवलेला मानूस येते, बस." त्याचं खरं होतं, पण मी ऐकतो थोडाच!

पुढच्या वर्षी पौषात म्हशाच्या जत्रेला नक्की येतो असा निरोप मी घरी धाडला होता. पण तोच साहेबांच्या पार्ट्यांचा हंगाम, सुट्टी मिळाली नाही. मग मी आपलं डोकं चालवलं. त्या जाड्या गवयाच्या शेजारी उभं राहून बावाजीकडून फोटो काढून घेतला, चांगल्या चौकटीत काच लावून बसवला, फडक्यात गुंडाळला, आणि मुरबाडकडे गवत आणायला निघालेल्या वखारीच्या मुकादमाबरोबर सापगावी पाठवला. आये खूश होईल असं वाटलं मला.

आता आमच्या गावात काचेत बसलेला माणूस तेव्हा एकच होता. पाटलांच्या ओटीवरचा थोरला पाटील, वारलेला, हार घातलेला. माणूस चौकटीत जातो तो मेल्यावरच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुकादमाने घाईत, निरोप न सांगताच फोटो शेजारणीकडे टाकला आणि तो पुढे गेला. आये खळ्यावरून आली, फडकं सोडलं, आणि मला काचेत बघून खाली बसली.

बायका जमल्या. मुकादमाला गाठायला बाने तडक मुरबाडची वाट धरली. आयेने हंबरडा फोडला होता. पण रडता रडता ती मधेच थांबली, असं शेजारणीने पुढे मुकादमाला सांगितलं. माझ्या शेजारच्या माणसावर बोट ठेवून म्हणाली, "आनि याच्या आयला कोन सांगल गो? तिला ठावं तरी हाय का?" मग ती त्याच्यासाठीही रडली.

बा मुकादमाला घेऊनच परतला. "अगो, जिता हाय तुजा पोर!" मुकादम लांबूनच ओरडला. "मीच त्याच्यासंगती चाय प्यालो!" आयेने चौकट दगडावर आपटली, फोटो तेवढा सोडवून घेतला आणि भाताच्या कणगीत खुपसला. जित्या माणसाची जागा दाण्यात, असं तिचं म्हणणं.

मुकादमाने मुंबईच्या वखारीत ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. डार्करूमचं दार लावल्यावर मात्र मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्या गवयाला विचारलं, तू इथे आहेस हे तुझ्या आईला ठाऊक आहे का? त्याने सिगारेट भिंतीवर विझवली. मग म्हणाला, निघताना शेजारच्या गावी जातो असं सांगून निघालो होतो. मी त्याला एक प्रत दिली, आईला पाठव म्हटलं, चौकट लावू नकोस म्हटलं. त्याने ती कोटाच्या आत ठेवली. विलायतेत लढाई पेटल्याच्या बातम्या आल्या तशी तो मिळेल त्या बोटीने गेला. फोटो पोचला की नाही, मला कधीच कळलं नाही. पुढे सोल्जरांबरोबर आणखी गवई आले. ज्याचा ज्याचा फोटो काढला, त्याला एक प्रत आईसाठी दिली.

आयेचा फोटो मला एकदाच मिळाला, चुलतबहिणीच्या मांडवात धवळे गाताना. तिने मान फिरवली आणि तो हलला. चेहरा पुसट, तोंड उघडं. लढाई संपली त्याच्या पुढल्या हिवाळ्यात ती गेली. कणगी रिकामी करताना माझा नि त्या गवयाचा फोटोही निघाला, भाताच्या कोंड्याने माखलेला. "आता तिच्या फोटूला काच लाव," बा म्हणाला. हो म्हणून मी मुंबईला आलो.

काच लावली नाही. माझ्या गिरगावच्या खोलीत भिंतीवर एकही फोटो नाही. घर कुठलं विचारलं की मी सापगाव सांगतो, जाणं मात्र होत नाही. तिथे वाट बघायला आता बा आहे, आणि तो कधी बोलावत नाही. दोन्ही फोटो तांदळाच्या डब्यात ठेवलेत. रोज एकट्यापुरते तांदूळ काढायला हात घालतो, तेव्हा आये तोंड दाखवते. मला सांगितलेलं काम आता ती करते.