एक्सलसाठी लिहिलेली पत्रं

माझ्या यजमानांची भोर ते पुणे अशी उतारूंची सर्व्हिस मोटार होती. लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. इंग्रजी त्यांना वाचता येई, पण लिहायचं म्हटलं की हात अडे. माझे वडील वकील, त्यांनी मला घरीच इंग्रजी शिकवलेलं. त्यामुळे मोटारीचा सगळा पत्रव्यवहार मी करायची आणि खाली सही यजमानांची. मोटार कंपनीच्या मुंबईच्या एजंटांची उत्तरं ‘प्रिय महाशय’ म्हणून यायची आणि मला हसू यायचं.

मोटार घेऊन आठ-दहा महिने झाले असतील. नसरापूरहून भोरला येताना तिचा मागचा एक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, मोडला. चाक निखळून भाताच्या खाचरात गेलं आणि मोटार बांधावर कलंडली. बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं. पासली गावची एक म्हातारी मागच्या फळीवर अगदी कडेला बसली होती. मोटार खरं तर आधीच भरलेली, पण भोरला दिलेल्या लेकीचे दिवस भरत आले होते, म्हणून तिनं नसरापुरात ड्रायव्हरचे पाय धरले आणि त्यानं तिला घेतलं. जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसलेली ती. पडली, उठली, लुगडं झटकलं. “मला काय बी झालं न्हाई,” म्हणाली, आणि गाठोडं घेऊन उरलेली वाट चालत लेकीकडे गेली. तिसऱ्या दिवशी पोट फुगून ती मेली.

मुंबईला मी अपघाताच्या दिवशीच पत्र टाकलं होतं. उत्तर आलं: गॅरंटी तीन महिन्यांची, ती संपली, सबब इलाज नाही.

मग मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं मोडका दांडा आमच्या ओसरीवर आणून ठेवला. “वैनी, हितं बगा. आर्धा काप काळा पडलाय, आर्धा चकचकीत हाय. काळी चीर लई आदीची. आतलं लोखंडच नासकं.”

मी त्या कापाचं चित्र काढलं. काळं कुठवर, चकचकीत कुठून, सगळं दाखवलं. खाली लिहिलं, की मुदत संपली हे खरं, पण मोटार तुम्ही विकली त्या दिवशीही हा दोष तिच्या पोटात होताच. वाक्य जमलं म्हणून मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

या खेपेला एजंटांनी नकार दिला नाही. दोन गोष्टी विचारल्या. मोटारीत उतारू किती होते? कुणाला इजा झाली का?

“आठ लिही,” यजमान म्हणाले.

“अकरा होते ना?”

“परवाना आठांचा आहे. अकरा लिहिलंस तर ते म्हणतील, ओझ्यानं मोडला.”

“आणि ती बाई?”

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. “ती आपल्या पायांनी चालत गेली. लिही, कुणालाही इजा झाली नाही.”

ते दुष्ट नव्हते. तिच्या दिवसांना त्यांनी तांदूळ पाठवले होते. पण मोटारीवर आमचं घर चालत होतं, ड्रायव्हरचं चालत होतं. मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

खास बाब म्हणून कंपनीनं नवा एक्सल फुकट पाठवला, बसवण्याचा खर्च तेवढा आम्हाला पडला. यजमानांनी पेढे आणले. माझ्या वाटणीचा मी मिस्त्रीला देऊन टाकला.

मोटार पुन्हा सुरू झाली. ती आमच्या घरासमोरच थांबायची. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी उतरणारी माणसं मोजू लागले. आठ उतरली की मी पाठ फिरवायची, कारण नववी तीच उतरणार असं वाटायचं. एकदा खरोखरच एक बाई उतरली आणि लुगडं झटकत उभी राहिली. माझ्या हातातलं पातेलं पडलं. बाई कुणी भलतीच होती.

एके दिवशी म्हातारीची लेक तान्ही मुलगी घेऊन दारात आली. मी तिला आत बोलावलं, पण ती उंबऱ्याबाहेरच बसली.

“वैनीसाहेब, तुमी विंग्रजीत लिवता म्हनं. मोटार कशी पडली ते समदं ममईला कळवलंत.”

“हो.”

“माज्या आयचं नाव लिवलं का त्यात?”

मी बाळाकडे पाहत म्हणाले, “लिहिलं.”

तिनं डोळ्याला पदर लावला. “लई बरं केलंत. आय कंदी कुटल्या कागदात आली न्हवती.”

तिच्या आईचं नाव मला ठाऊकसुद्धा नव्हतं, आणि आता विचारायची सोय उरली नव्हती.

पुढे टायरसाठी पत्र लिहायला यजमानांनी सांगितलं, तेव्हा माझे डोळे दुखतात, असं मी म्हणाले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि कागद उचलून शाळेतल्या मास्तरांकडे गेले. पुन्हा कधी सांगितलं नाही. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा मोटार विकून टाकली. ती लेक मात्र बाजारात भेटली की भर रस्त्यात वाकून माझ्या पाया पडायची. लांबून ती दिसली की मी दुसऱ्या गल्लीत वळायची.