मारतात का, एवढंच विचारलं

परवा ज्योतीसोबत फॅमिली कोर्टात गेले होते. ज्योती आमच्या शाळेत शिकवते. नवऱ्याच्या माराला कंटाळून सहा वर्षांच्या मिठूला घेऊन घर सोडलंय तिने, आणि आता नवऱ्याला दर रविवारी मुलगी हवीय...

तिथला बाक बघितला आणि माझंच लहानपण आठवलं. आठ वर्षांची होते मी, असल्याच बाकावर आईला चिकटून बसले होते.

बाबांची मिल चालू होती तोवर भोंगा तरी वाजायचा. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की आई मला शेजारी मोरेकाकूंकडे पाठवायची. मिल बंद पडली आणि तेवढा इशाराही गेला... शेवटी आई मला घेऊन शहराबाहेर राऊला एका खोलीत राहायला गेली, पत्ता कुणालाही न सांगता.

"अगं, नोकरी गेलीय, माणूस चिडणारच!" लोकांच्या जिभेला काय हाड? नोकरी मोरेकाकांचीही गेली होती. ते सियागंज बाजारात एका किराणा दुकानात लागले, पण काकूंवर कधी हात उचलला नाही.

तेव्हा कोर्टात जजसाहेबांनी मला अगदी प्रेमाने विचारलं, "पापा आपको मारते हैं क्या, बेटा?" मी खरं तेच सांगितलं... नाही. झालं! रविवार बाबांना मिळाला.

तिकडे बाबांच्या घरी दिवेलागणीला आजी मला देवापुढे बसवून परवचा म्हणवून घ्यायची. शुभं करोति, पाढे, आणि हरवलं तर सांगता यावं म्हणून शेवटी नाव नि पत्ता. आईने नवा पत्ता त्याचसाठी पाठ करून घेतला होता, तो मी एका रविवारी शहाण्या मुलीसारखा घडाघडा म्हटला. बाबा मागे दारातच उभे होते...

दुसऱ्या दिवशी ते राऊला आले. आईचा हात मोडला. तरी माझे सख्खे काका म्हणालेच, "पोरीला कुठे बोट लावलं त्याने?" संताप होतो आजही.

परवा काउन्सेलर मॅडमनी मिठूलाही तेच विचारलं. पापा मारतात का? तिने नाही म्हणून मान हलवली, मॅडम लिहायला लागल्या.

मावशी म्हणून मला आत बसू दिलं होतं, तेही गप्प बसायच्या अटीवर. पण राहवेना. "मॅडमजी, ये भी तो पूछो, डर लगता है क्या?"

"आप बीच में मत बोलिए!" मॅडम चांगल्याच भडकल्या. पण मिठूने ऐकलं होतं. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "मम्मीला मारतात ना मावशी, तेव्हा मी पलंगाखाली घुसून जाते."

मॅडमचं पेन थांबलं. पुढची तारीख मिळालीय, निकाल काय लागेल देव जाणे. इतक्या वर्षांत प्रश्न तोच राहिला, याचीच चीड येते...

मिठू, तुझे आभार मानायचेत बाळा. भोंगा बंद झाल्यावर मीही पलंगाखालीच असायचे गं... मला कुणी विचारलंच नाही.