मानोजीरावांचा आवाज

या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. चकवा, पांढरी साडी, रिकाम्या घरातली पावलं... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता, आजही नाही. मी आयुष्यभर रेडिएशन थेरपी शिकवली. आमच्या कामात न दिसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे किरण, आणि ते मोजता येतात. तरीही लिहायला बसले आहे, कारण एक प्रसंग मला कुठेच बसवता आलेला नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरूच्या एका हॉस्पिटलात मी कॅन्सरवर किरण देणाऱ्या कोबाल्ट मशीनवर विद्यार्थ्यांना तयार करत होते. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मुलं मला घाबरायची आणि घाबरावं अशीच माझी इच्छा होती. इथे झालेली चूक त्या दिवशी दिसत नाही, काही महिन्यांनी पेशंटच्या अंगावर दिसते.

मानोजीराव बेंगळुरूजवळच्या आनेकलचे, तिथे त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. घशाच्या कॅन्सरमुळे ऑपरेशन करून त्यांचं स्वरयंत्र पूर्ण काढलेलं. गळ्याला भोक, त्यातूनच श्वास. आवाज नाही म्हणजे नाही, कुजबुजसुद्धा नाही. त्यांची बायको सुभद्राबाई रोज बसने सोबत यायची. पहिल्याच दिवशी तिने मला गाठलं.

"अक्का, आत यांना एकटंच ठेवता की ओ. काही झालं तर हाक कशी मारतील?"

"हात वर करायचा. आम्ही काचेतून बघतच असतो."

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली, पण तिचं समाधान झालं नव्हतं.

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मानेला आधी उजवीकडून आणि मग डावीकडून किरण द्यायचे होते. पण पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सोसतील तेवढे किरण देऊन झाले होते, म्हणून तेवढ्या भागावर शिशाचा ठोकळा धरायचा. हा ठोकळा मशीनच्या तोंडाशी असलेल्या ट्रेवर स्क्रूने कसतात. मशीन दुसऱ्या बाजूला फिरवलं की ट्रेसुद्धा उलटा होतो, म्हणून ठोकळा काढून ट्रेच्या दुसऱ्या कडेला लावायचा. विसरलात तर मज्जारज्जू उघडा आणि जिथे किरण हवेत नेमकी ती जागा झाकलेली! माणसाचे हातपाय कायमचे जाऊ शकतात. शिकाऊ मुलं हमखास इथेच चुकतात. त्यामुळे माझा नियम होता की एकाने लावायचं आणि दुसऱ्याने मोठ्याने बोलत तपासायचं.

हा प्रसंग घडला त्या सकाळी शोभा या माझ्या विद्यार्थिनीची जोडीदारीण आली नव्हती. शोभा जे. पी. नगरची, हुशार आणि हाताने चपळ. चपळ मुलांची मला जास्त धास्ती वाटते. उजवी बाजू माझ्यासमोर नीट झाली. डावीकडे मशीन फिरवायला ती आत गेली, तेवढ्यात एक डॉक्टर माझ्याशी बोलायला आले. ते गेले आणि शोभा बाहेर आली. तिने जाड दार लावलं.

"मॅडम, सगळं तपासलं."

मी काचेतून पाहिलं. मानोजीराव, मान हलू नये म्हणून तोंडावर प्लास्टिकचा साचा लावून निजलेले, हात अंगाशी. ठोकळाही दिसला, कुठल्या कडेला आहे ते तिथून कळत नाही. मी मान हलवली.

शोभाचं बोट मशीन सुरू करायच्या बटणावर गेलं आणि आतला आवाज ऐकवणाऱ्या इंटरकॉमच्या स्पीकरमधून कोणीतरी खाकरलं. मग पुरुषाचा आवाज आला, शांत, जरासा नाकातला – "अक्का, स्वल्प थांबा."

शोभाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. आत मानोजीरावांशिवाय कोणीही नव्हतं. मी दार उघडून धावले. त्यांचे हात होते तिथेच होते. आणि ठोकळा... ठोकळा चुकीच्या कडेला होता.

"शोभा, इकडे ये. बघ."

तिने पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसून रडायला लागली. एरवी मी तिची चांगली खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी मी फक्त ठोकळा काढून योग्य कडेला कसला.

साचा काढून मी मानोजीरावांना विचारलं, "तुम्ही काही बोललात?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गळ्यावरच्या भोकावर बोट ठेवलं. मी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं असावं. मला इतकं वाईट वाटलं की मी पुढे काही विचारलंच नाही.

नंतर मी सगळं पडताळून पाहिलं. शेजारच्या खोलीतलं मशीन त्या दिवशी बंद होतं, तिथे कोणीच नव्हतं. इंटरकॉमची वायरिंग तपासून घेतली, ठीक निघाली. सर्जन तर हसलेच – "अहो, आवाजाची पेटीच मी काढून टाकली, बोलणार कुठून?" आणि समजा, बोललेही असते, तरी साच्याखालून त्यांना ठोकळा दिसणार कसा आणि तो चुकला हे कळणार कसं? शोभाला मी एकटीला गाठून विचारलं. तिने तेच शब्द सांगितले.

सुभद्राबाईला सांगू नये असं वाटत होतं, पण राहवलं नाही. वाटलं, घाबरेल. तिने हातातली पिशवी बाकावर ठेवली.

"कसा होता आवाज?"

मी सांगितलं. आधी खाकरणं, मग जरा नाकातून बोलणं...

"दुकानात गिऱ्हाईक आलं की असंच खाकरायचे," ती म्हणाली. मग पदर तोंडाशी धरला. "मी इथंच बसले होते की ओ अक्का. मला नाही ऐकू आलं."

दुसऱ्या दिवसापासून मी नियम मोडून तिला स्पीकरजवळ उभं राहू दिलं. ती कान लावून ऐकायची. मशीनची घरघर आणि गळ्यातल्या भोकातून येणारा श्वास, एवढंच यायचं. ट्रीटमेंट संपली की ती "सरी" म्हणायची आणि त्यांना आणायला आत जायची. आवाज पुन्हा आला नाही.

मानोजीराव पुढे काही वर्षं जगले, हिंडत-फिरत, दुकान सांभाळत. तो आवाज कुणाचा, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. खरं तर त्याचा विचारही मी आता फारसा करत नाही. मला आठवतो तो ट्रीटमेंटचा शेवटचा दिवस. मानोजीराव कपडे बदलत होते आणि सुभद्राबाई मला कॉरिडॉरच्या कोपऱ्यात घेऊन गेली.

"अक्का, ते बोलले तसं एकदा म्हणून दाखवा ना."

मला संकोच वाटला, मुलं बघत होती. पण मी खाकरले आणि नाकातून म्हटलं, "अक्का, स्वल्प थांबा." ती डोळे मिटून ऐकत होती.

"नाही, तसं नाही," ती म्हणाली. डोळे तिने उघडले नाहीत. "परत एकदा म्हणा."