वॉशरखालची चीर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गावी आईला नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. सरळ सांगायला जमणार नाही, जरा आडवळणानं येईन.

मी आटपाडीकडचा. नववीत शाळा सोडली आणि मामाबरोबर तंजावरला आलो, सोनं गाळायच्या कामाला. त्या धुरानं छाती धरली, मग एका फिशटँकच्या दुकानात लागलो. काच कापायची, सिलिकॉननं जोडायची, घरोघरी टाक्या बसवायच्या. तमिळ धड येत नव्हतं. दिवस दिवस तोंड उघडायचो नाही.

एका घरी टाकी बसवताना बोटात काच गेली आणि माझ्या तोंडून शिवी निघाली — आपल्याकडची, अस्सल. खुर्चीतल्या म्हाताऱ्यांनी पेपर खाली केला. “कुठला रे तू?” मराठीत! चाल तमिळ, शब्द पणजोबांच्या वेळचे, पण मराठी. हे सार — इथं ‘सर’ला ‘सार’च म्हणतात. इथल्याच जुन्या मराठी घरातले, पाटबंधारे खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगी बेंगळुरूला.

त्या दिवसापासून रविवारची काफी त्यांच्याकडे. त्यांना देवनागरी वाचता येत नसे, म्हणून वडिलांची जुनी पत्रं माझ्याकडून वाचून घेत. मी अडखळायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. नववीत शाळा सोडलेल्याला कुणी असं समोर बसवून ऐकतं का? मला त्या घरी गेलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. अजून वाटतं — म्हणूनच हे लिहिणं जड जातंय.

सारांना सम्प हवा होता. म्हणजे खालच्या कपाटात दुसरी टाकी; वरचं पाणी भोकातून खाली येतं, गाळून निघतं, पंपानं परत वर जातं. त्यासाठी वरच्या टाकीच्या मागच्या काचेला भोक पाडायचं. भोकाची जागा त्यांनी कागदावर काढून दिली — काठापासून किती, मध्य कुठं, टोकदार पेन्सिलीनं. इतकी सुरेख रेघ मी पाहिली नव्हती.

काचेला भोक पाडताना पाणी आटू द्यायचं नाही आणि जोर लावायचा नाही. टाकी आडवी करून भोकाभोवती मातीची पाळ घालायची, पाळीत पाणी भरायचं, कटर हलका फिरू द्यायचा. काच पार व्हायला आली की मशीन जवळजवळ उचलूनच धरायचं. हे मला पाठ होतं. मग का दाबलं मी?

सार फोनवर मुलीला सांगत होते — आमचा पोरगा करतोय, लोणी कापावं तसं. मला लोणी कापून दाखवायचं होतं. एवढंच.

टक् झालं. फोनच्या नादात त्यांना ऐकू गेलं नाही. आतल्या बाजूनं टवका उडाला होता, आणि टवक्यातून एक चीर निघाली होती — केसासारखी, नखाएवढी. चीर गेलेली काच बदलायची असते, दुसरा इलाज नाही. दोन दिवसांचं काम. सार रागावलेही नसते. मग कसली भीती? ते ‘आमचा पोरगा’ जाईल याची? मी वॉशर बसवला, नट आवळला, वॉशरबाहेर डोकावणाऱ्या चिरेवर काळं सिलिकॉन फासलं. म्हणालो, झालं सार.

ते खुळ्यासारखे खूश. माशांना कावेरीच्या फाट्यांची नावं दिली — वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी. वेट्टार फार खातो म्हणून त्याच्यावर ओरडायचे.

त्याच वर्षी त्यांच्या हाताला कंप सुरू झाला. मुलगी म्हणे, एकटे राहू नका, इकडे या. सार म्हणत, हात हलतो, डोकं हलत नाही. माझं घर मी सांभाळतो.

पोंगलला मुलगी आली होती, तेव्हा सकाळीच फोन आला. धावत गेलो. हॉलभर पाणी, घरातल्या सगळ्या पातेल्यांत मासे, आणि सार ओल्या फरशीवर उकिडवे बसलेले. टाकीची पाठ भिंतीकडे. बॅटरी घेऊन तिथं मी एकट्यानं पाहिलं. तडा माझ्या भोकापासून निघून सरळ तळाला गेला होता.

“काच पुसताना माझाच हात आपटला असेल रे,” सार म्हणाले. “तुझं चांगलं काम मी नासविलं. मनावर घेऊ नकोस.”

मुलगी माझ्याकडे वळली. “तूच सांग तंबी, हात लागूनच गेली ना?”

काय विचारतेय, ते मला कळत होतं. ती टाकीबद्दल विचारत नव्हती. ते एकटे राहू शकतात का, हे विचारत होती. आणि मी म्हणालो — “हो अक्का. धक्का लागला की जाते काच.”

सारांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. महिन्याभरात घर भाड्यानं दिलं आणि ते बेंगळुरूला गेले. जाताना मासे मला दिले. “तुझ्याकडे नीट राहतील,” म्हणाले.

अजून रविवारी फोन करतात. माझ्या छातीची चौकशी, मग वेट्टारची. परवा सांगत होते, नातीनं शाळेसाठी नदीचा नकाशा काढून मागितला, तर पेन्सिल तिलाच परत दिली. हा हात आता भरवशाचा नाही, म्हणाले — टाकी कशी फोडली, तुला ठाऊकच आहे. आणि हसले.

मी म्हणालो, हो सार.

टाकी त्यांनी फोडली नव्हती. मी फोडली, आणि विचारलं तेव्हा त्यांचा हात पुढं केला.