श्वास काढलेला आवाज

आमच्या धाकटीचा, माझ्या लहान बहिणीचा, नवरा चांगला माणूस आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बरंच काही बोलणार आहे.

गल्लीत त्याला सगळे 'श्श' म्हणतात. घराच्या मागच्या खोलीत तो लोकांचे आवाज रेकॉर्ड करून देतो. हौशी गायक येतात, दुकानांच्या जाहिराती असतात, कुणाला शाळेचे धडे वाचून हवे असतात. माईक चालू करायच्या आधी हा तोंडावर बोट ठेवणार, 'श्श' करणार, की घर चिडीचूप. पंखा बंद, फ्रीज बंद, ठिबकणाऱ्या नळाखाली फडकं. एकदा मी शिंकले तर असं काही बघितलं माझ्याकडे, जणू मी त्याच्या खिशातच हात घातला.

काम मात्र चोख. "ताई, घरी आवाज खराब येतो तो माईकमुळे नाही, भिंतींमुळे," तो सांगायचा. "भिंत आवाज परत फेकते, कपडे पिऊन टाकतात." म्हणून गाणाऱ्याला तो कपड्यांनी गच्च भरलेल्या कपाटाच्या दारात उभं करायचा, मागे रजया टांगायचा. माईकपुढे भरतकामाच्या रिंगवर ताणलेला पायमोजा, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फुसका वारा माईकवर आदळत नाही. आणि माणूस गेला की मग खरं काम. हेडफोन लावून बसायचं आणि घेवड्याच्या शिरा काढाव्यात तसे दोन शब्दांमधले श्वास एकेक करून काढायचे. खोकला, खाकरणं, ओठांचा चिकट आवाज, सगळं साफ. लोक खूश. घरी केलंय असं वाटतच नाही, म्हणायचे.

धाकटीचा आवाज वर्षभर बसलेला होता. आम्ही गुळण्या करायला लावल्या, काढे पाजले, चेष्टाही केली, कारण तिच्या तोंडाचा पट्टा कधी बंद नसायचा. शेवटी डॉक्टरांनी गळ्यात नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठ होती, आणि ती साधी नव्हती. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, गळ्याला भोक पाडून तिथून श्वास घ्यावा लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. डॉक्टर हे इतकं सरळ बोलले की मला त्यांचा रागच आला.

धाकटी रडली ती एकाच गोष्टीसाठी. तिची पिटुकली तेव्हा तीन वर्षांची होती. दुपारी आईच्या कुशीत बूट हरवलेल्या अस्वलाची गोष्ट ऐकल्याशिवाय ती पोर डोळा मिटायची नाही.

"तिला माझा आवाज आठवणारही नाही गं," धाकटी मला म्हणाली.

"आठवेल," हा दारातून म्हणाला. "मी रेकॉर्ड करतो. असा करतो की बघत राहाल."

आणि लागला कामाला. भर उकाड्यात, पंखा बंद करून, धाकटी कपाटात. अस्वलाची गोष्ट, गाणी, पिटुकलीला मोठेपणी सांगायच्या चार गोष्टी. ती मध्येच खोकायची, मध्येच हसायची. "श्श! परत," हा म्हणायचा.

"अहो, मी इथेच गुदमरले तर डॉक्टरांचं काम सोपं होईल," ती म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. ते हसणंही त्याने काढून टाकलं.

मला राहवेना. "अरे, खोकू दे की तिला!"

"ताई, आयुष्यभर ऐकायचंय पोरीला. खरखर कशाला ऐकायची तिने?"

डोळे भरले होते त्याचे.

ऑपरेशन झालं. धाकटी घरी आली, गळ्यात नळी आणि मानेला पट्टी. पहिल्याच दुपारी पिटुकलीने गोष्टीसाठी भोकाड पसरलं. याने मोठे स्पीकर लावले, हात चोळत उभा राहिला. खोलीत आवाज घुमला. गोड, गुळगुळीत, एक खरखर नाही, एक श्वास नाही. स्टेशनवर गाडी उशिरा येणार म्हणून सांगतात ना, तसला.

पिटुकली ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "ही बाई कोण आहे?"

"अगं, आई आहे."

"नाही. आई अशी नाही बोलत."

धाकटी तिथेच पलंगावर होती. तिला बोलता येत नव्हतं, ऐकू येत होतं की! तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"ते साफ न केलेलं लाव," मी म्हटलं. "मूळचं."

त्याचा चेहरा पडला. काम पक्कं झालं की मूळचं रेकॉर्डिंग तो पुसून टाकतो. गिऱ्हाइकाच्या हाती चुकून कच्चं जाऊ नये म्हणून, नेहमीची शिस्त. घरातल्या व्हिडिओंवर तर त्याने कधीच बोलणं काढून संगीत चढवलं होतं. मी त्याला नाही नाही ते बोलले. मेल्या, बायकोला धुऊन काढलंस, पार धुऊन काढलंस! तो त्याच कपाटात जाऊन बसला आणि तिथे हमसून हमसून रडला.

माझा फोन म्हणजे अडगळीची खोली. मी काहीच पुसत नाही. तिथे सापडला तिचा बोलून पाठवलेला एकच निरोप. तो लावला.

"ताई, येतेयस ना? येताना जुन्या रजया आण गं, असतील नसतील तेवढ्या. ह्यांनी मला..." मग खोकला. "थांब... कपाटात बसवलंय मला. मी काय स्वेटर आहे?" मग ते घोगरं हसू, मागे कुकरची शिट्टी. "ए पिटुकले, तोंडात नको घालू! टाक ते! टाक म्हणते ना! हं... रजया. विसरू नकोस."

'टाक' ऐकताच पिटुकली बाहेरच्या खोलीतून धावत आली आणि आईला बिलगली.

"ताई, ती शिट्टी तेवढी काढली तर..." हा बोलून गेला. मी नुसतं बघितलं.

आता रोज दुपारी पिटुकली तो निरोप लावते. शेजारी पडलेली धाकटी त्यावर ओठ हलवते, खोकलासुद्धा जागच्या जागी. पोर फोनकडे बघतच नाही, आईच्या तोंडाकडे बघते. निरोप संपला की म्हणते, "आता अस्वलाची."

ती गोष्ट या निरोपात कुठेच नाही. तरी धाकटी ओठांनी सांगायला लागते. शब्द एकही येत नाही, गळ्यातल्या भोकातून नुसता श्वास येतो, फस्स, फस्स. हा दारात उभा राहून ऐकतो. पिटुकली शब्द येतील म्हणून थोडा वेळ वाट बघते आणि आईकडे पाठ करून कूस बदलते.