बडबडीची राखण

आता आमच्या गावात धान कापायला यंत्र येतं. त्याच्या घरघरीत माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणजे माझ्यासारख्याची नोकरीच गेली म्हणायची. कारण एका वर्षी कापणीत मी फक्त बोलण्याचं काम केलं होतं.

विळा मला कुणी देतच नसे. एकदा मी स्वतःचं बोट कापलं होतं, एकदा शेजारणीचा पदर. त्यामुळे दिवाळीला बल्लारपूरहून गावी आलो की मी नुसता खायला असायचो.

त्या वर्षी वाघाने काकूची गाय तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, धरली. काकूला ओरखडाही आला नाही, पण तेव्हापासून ती शेताकडे पाऊल टाकेना, कुणाशी धड बोलेना. इकडे धान पिकून लोंब्या झडायला लागलेल्या. काका हयात नव्हते. वर्षभराचं खाणं त्या बांधीतच उभं होतं.

गावाने रीत ठरवली होती : कापायला सगळ्यांनी मिळून जायचं आणि एकाने धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून सारखा आवाज करायचा. गलका असला की वाघ सहसा वाट बदलतो. पण डबे बडवणारे थकून जात.

"याले उभं करा," शेजारची वहिनी म्हणाली. "हा झोपेतबी थांबत नाई."

काकूला आम्ही हाताला धरून नेलं. ती माझ्यामागे धुऱ्यावर बसली, विळा मांडीवर. मी सुरू झालो. मार्कंड्याच्या जत्रेत भलत्याच कुटुंबाच्या मागे जाऊन त्यांच्या पंगतीत कसा जेवलो, ते सांगितलं. लग्नानंतर सासऱ्यांनाच न ओळखता रस्त्यात अडवून त्यांच्या घराचा पत्ता कसा विचारला, वर "माणसं बरी आहेत ना?" असंही, तेही सांगितलं. बाया हसत होत्या, धान आडवं पडत होतं. काकूचा विळा मांडीवरच.

एवढ्यात कडेच्या झुडपात खसफस झाली. विळे थांबले. आणि मी, गावाचा राखणदार, तोंड उघडं टाकून उभा. ओठ हलत होते म्हणे, आवाज नव्हता.

"काऊन बे, बंद काऊन पडला?" मागून काकू ओरडली. "बोल ना!"

मी झुडपाकडे बोट दाखवलं.

"दिसून राह्यलं मले! लहानपनी कोंबड्याले भिऊन माह्या लुगड्यात शिरे, तसाच हाये अजून. रस्त्यात कोंबडा आडवा आला का हा घरी वापस, अन् मास्तरले सांगे ताप आला!"

ती उभी राहिली होती. आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. बाया आधी चाचरत, मग पोट धरून हसल्या. झुडपात काय होतं ते कुणालाच कळलं नाही. खसफस थांबली एवढं खरं. काकू मात्र थांबली नाही. बोलत बोलत बांधीत उतरली, मुठीत धान धरलं आणि कापायला लागली. प्रत्येक मुठीला माझी एक फजिती. त्यातल्या काही तर, शपथेवर सांगतो, माझ्या नव्हत्याच.

परतताना मी विचारलं, "काकू, भेव गेलं का वो?"

"कुठी जाते? हाये ना इथी," ती छातीवर हात ठेवून म्हणाली. "पन धानबी हाये ना. उद्या लवकर ये."

दुसऱ्या दिवशी मी उठून वेशीपर्यंत पोहोचलो, तेव्हा बाया शेताच्या वाटेला लागल्याही होत्या. सगळ्यांच्या पुढे काकू होती, आणि तिचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येत होता.