सालांनी धरलेलं निकेल

माझी काकू नळांना निकेलचा मुलामा देते. दोन टाक्या, एक पंखा आणि सदा चालू रेडिओ, एवढाच तिचा कारखाना. मुलामा दिलेले नळ धुतले की उरलेलं पाणी हिरवंगार दिसायचं. एकदा तपासणीच्या बाई आल्या. त्यांनी त्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली, तर ती गुलाबी झाली.

"निकेल आहे. महिन्याभरात बंदोबस्त करा, नाहीतर टाळं लागेल," बाई म्हणाल्या. जाता जाता एवढं मात्र सांगून गेल्या, की फळांची सालं पाण्यातला धातू धरून ठेवतात.

काकू तडक आईकडे आली. आई तिची धाकटी जाऊ; कोपऱ्यावर तिचं रसाचं दुकान आहे.

"संत्र्याची सगळी सालं मला दे."

"मुरंबा करताय?"

"सांडपाण्यात घालतेय."

"ताई, बऱ्या आहात ना?"

गच्चीभर सालं वाळली. शेजारीपाजारी वास हुंगत जिना चढायचे. काकूने ती तशीच पिंपात भरून वरून हिरवं पाणी ओतलं. खालच्या तोटीतून पिवळं पाणी आलं, आणि पट्टी पुन्हा गुलाबी!

"रंग तर माझ्या दुकानातलाच उतरलाय," आई म्हणाली. काकू तीन दिवस तिच्याशी बोलली नाही.

मग तिने बाईंनाच फोन करून नीट विचारून घेतलं. सालं चुन्याच्या पाण्यात भिजवली, रंग जाईपर्यंत धुतली, वाळवून कुटली आणि पिंपात ठासून भरली. आता तोटीतून थेंब थेंब नितळ पाणी येऊ लागलं.

तपासणीच्या दिवशी आई दुकान सोडून आली. बाईंनी पट्टी बुडवली. पांढरी. आम्ही पट्टीवर वाकून बघत राहिलो. तरीही पांढरीच!

"किती वेळ बघायचं?" काकूने विचारलं.

"झालं की. पास!"

आईला आनंदाच्या भरात काही सुचेना. "बाई, रस घेणार?"

बाईंनी दचकून पिंपाकडे बघितलं. "ह्यातला?"

झालं! दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून खिदळायला लागल्या. काकू तर खालीच बसली. "निकेल गेलं... म्हणून पिऊ नका हो!" एवढं म्हणायला तिला चारदा दम घ्यावा लागला. शेवटी बाईही डोळे पुसत हसत सुटल्या.

धातू धरून बसलेली सालं कचऱ्यात टाकायची नाहीत, हेही बाईंनी बजावलं. ती बंद डब्यांतून धातू परत काढणाऱ्यांकडे जातात. सध्या अडचण एकच आहे, सालं पुरत नाहीत. म्हणून आई प्रत्येक गिऱ्हाइकाला दुसरा ग्लास घ्यायला लावते.